काउबॉय ॲक्शन शूटिंगमधील शॉटगनचे काडतूस : निवडीमागचा इतिहास

काउबॉय ॲक्शन शूटिंग हा नेमबाजीचा प्रकार 1980 च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियात सुरू झाला. ‘एंड ऑफ ट्रेल’ या नावाने त्याची पहिली स्पर्धा 1982 मध्ये झाली, आणि 1987 मध्ये सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी म्हणजे ‘सास’ ही संस्था स्थापन होऊन खेळाला लेखी नियम मिळाले. स्पर्धक एकोणिसाव्या शतकातील अमेरिकी पश्चिमेचा पेहराव करतो, टोपणनाव घेतो आणि त्या काळच्या घडणीची चार शस्त्रे घेऊन घड्याळाशी झुंजतो: दोन रिव्हॉल्व्हर, एक लिव्हर ॲक्शन (खालचा दांडा ओढून गोळी चढवायची) रायफल आणि एक छर्रे झाडणारी शॉटगन. रिव्हॉल्व्हर आणि रायफल पंचाच्या देखरेखीखाली आधीच भरून ठेवतात; शॉटगन मात्र बहुतेक वेळा उघडी आणि रिकामी ठेवलेली असते. ती घड्याळ चालू असताना, एका वेळी जास्तीत जास्त दोन काडतुसे घालून भरायची, झाडायची, रिकामी करायची आणि पुन्हा भरायची. म्हणूनच या एका शस्त्राच्या बाबतीत काडतुसाची निवड निकालावर थेट परिणाम करते.

पोशाख आणि बंदूक पाहून एखाद्याचा असा समज होईल की काडतूसही वेल्स फार्गो या अमेरिकी वाहतूक कंपनीच्या टपालबग्गीवर, गाडीवानाशेजारी दुनळी घेऊन बसणाऱ्या रक्षकाच्या परंपरेतले असावे. वस्तुस्थिती वेगळी आहे. बग्गीरक्षकाच्या बंदुकीत मोठे, मोजकेच छर्रे असत, कारण त्याला थोड्या अंतरावरून माणसाला किंवा घोड्याला अडवायचे असे. आजच्या स्पर्धकाच्या कमरपट्ट्यातील काडतूस हे मातीची उडती तबकडी फोडणाऱ्या नेमबाजाच्या घराण्यातले आहे. हे घराणे लक्षात घेतले की निवडीचे बहुतेक प्रश्न आपोआप उलगडतात, असे मला वाटते.

मराठी वाचकाला ‘बारा बोअर’ हा शब्द जुन्या शिकारीच्या आठवणींतून ओळखीचा आहे. ज्या नळीच्या व्यासाच्या शिशाच्या बारा गोळ्यांचे वजन एक पौंड भरते, ती बारा बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे 18.5 मिलिमीटर असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत दहा आणि बारा या दोन्ही बोअरच्या दुनळी बंदुका सर्रास होत्या. काडतुसाची पुंगळी पितळेची असे किंवा कागदाची. पितळेची पुंगळी घरी पुन्हा भरता येई, म्हणून दुकानापासून दूर राहणाऱ्यांना ती परवडे. कागदाची स्वस्त होती, पण ओल धरून फुगे आणि मग चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, अडके. आत काळी दारू, तिच्यावर पुठ्ठ्याचे आणि नमद्याचे बूच, मग छर्रे आणि सर्वांत वर एक पातळ चकती अशी रचना असे.

काळ्या दारूचे माप ड्रॅममध्ये सांगत. एक ड्रॅम म्हणजे औंसाचा सोळावा भाग, साधारण 1.77 ग्रॅम. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत धूररहित दारू आली आणि हे माप एकाएकी निरुपयोगी झाले, कारण ज्या कामाला काळ्या दारूचे तीन ड्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमहून अधिक, लागत, ते काम नवी दारू सव्वा ग्रॅमच्या आसपास करू लागली. गिऱ्हाईक मात्र ड्रॅमच्या भाषेतच विचार करत होते. म्हणून कारखान्यांनी खोक्यावर ‘ड्रॅम इक्विव्हॅलंट’ असा शब्द छापायला सुरुवात केली: आत दारू किती आहे हे तो सांगत नाही, काळ्या दारूच्या किती ड्रॅमइतका वेग मिळेल हे सांगतो. आजही अमेरिकी खोक्यावर ‘2¾ ड्रॅम, 1⅛ औंस, नंबर 8’ अशी ओळ दिसते. तिचा अर्थ सुमारे 1145 फूट प्रतिसेकंद वेगाने जाणारे 32 ग्रॅम शिसे, असा घ्यायचा. घरी काडतुसे भरणाऱ्याने हा आकडा दारूचे प्रत्यक्ष माप समजून धूररहित दारू ओतली, तर बंदूक फुटेल. काळ्या दारूसाठी लोखंडी-पोलादी पट्ट्या पिळून घडवलेल्या जुन्या दमास्कस नळ्यांमध्ये आजची काडतुसे झाडू नयेत, हा इशाराही याच संक्रमणातून आला आहे.

नियमांनी मान्य केलेल्या बंदुका याच उंबरठ्यावरच्या आहेत. आपोआप पुंगळी फेकणारी यंत्रणा नसलेली दुनळी, जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली 1887 ची विंचेस्टर लिव्हर ॲक्शन आणि त्यांचीच 1897 ची विंचेस्टर पंप (पुढची मूठ मागेपुढे सरकवून भरायची) बंदूक या त्यांतील प्रमुख होत. 1887 चे मॉडेल काळ्या दारूसाठी होते, 1897 चे धूररहित दारू ध्यानात घेऊन बळकट केलेले होते आणि 1957 पर्यंत त्याच्या दहा लाखांहून अधिक बंदुका तयार झाल्या.

जुनी मूळ बंदूक वापरणाऱ्याला येथे चेंबरच्या लांबीचा प्रश्न सोडवावाच लागतो. आजचे प्रमाण काडतूस 2¾ इंचांचे, म्हणजे 70 मिलिमीटरचे म्हणतात. पण ही लांबी झाडल्यानंतर तोंड उघडलेल्या पुंगळीची असते. न झाडलेल्या काडतुसाचे तोंड चांदणीसारखे आत दुमडलेले असल्यामुळे ते साठ मिलिमीटरच्या आसपासच भरते आणि आखूड चेंबरच्या जुन्या बंदुकीत कुठेही न अडता बसते. बसले म्हणजे चालेल असे वाटते, आणि धोका नेमका तेथेच आहे. झाडताना घडी पुढे उलगडते, पण तिला मोकळी व्हायला जागा नसते. ती नळीच्या निमुळत्या भागात घुसून छर्ऱ्यांची वाट अरुंद करते आणि दाब वाढतो. सुरुवातीच्या काही 1897 बंदुकांचे चेंबर 2⅝ इंचांचे होते, म्हणून जुनी बंदूक घेतल्यावर काडतुसांच्या आधी बंदूकसाजाकडून चेंबर मोजून घेणे हे पहिले काम आहे. आपल्याकडे जुन्या विलायती दुनळ्या बाळगणाऱ्यांना 65 आणि 70 मिलिमीटरचा हा भेद चांगला माहीत असतो.

आता तबकडीच्या घराण्याकडे वळू. अमेरिकेत जॉर्ज लिगॉव्स्की यांनी 1880 मध्ये मातीच्या उडत्या तबकडीचे पेटंट घेतले आणि जिवंत कबुतरांवरची नेमबाजी हळूहळू मागे पडली. ट्रॅप म्हणजे उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीतील खेळाडूला एका दिवसात शेकडो बार काढावे लागत, म्हणून त्याला खांद्याला सोसेल असा धक्का, बारीक छर्रे आणि पुन:पुन्हा भरता येईल अशी टिकाऊ पुंगळी हवी होती. रेमिंग्टनने 1960 मध्ये प्लॅस्टिकची पुंगळी बाजारात आणली. पाठोपाठ विंचेस्टरची ‘एए’ आली. तिची बाहेरची भिंत गुळगुळीत होती. छर्रे धरून ठेवणारी प्लॅस्टिकची वाटीही त्याच दशकात रूढ झाली. ही सगळी प्रगती तबकडी फोडणाऱ्यांसाठी झाली होती. वीस वर्षांनी टोपी घालून दुनळी चालवणाऱ्यांना ती आयती मिळाली.

गुळगुळीतपणाचे महत्त्व प्रत्यक्ष पाहिल्यावरच पटते. चांगला स्पर्धक दोन बार झाडल्याबरोबर दुनळी बिजागरीवर मोडून उघडतो आणि एका झटक्यात मागे खेचतो. दोन्ही रिकाम्या पुंगळ्या स्वतःच्या वेगाने त्याच्या खांद्यावरून मागे उडतात, तोवर दुसऱ्या हाताने पट्ट्याच्या एकाच खोबणीतली दोन काडतुसे बोटांत आलेली असतात. पुंगळी चेंबरला चिकटली तर तो झटका वाया जातो, नखाने एकेक पुंगळी उपसावी लागते आणि दोन-तीन सेकंद सहज जातात; जेथे एका चुकलेल्या निशाणाचा दंड पाच सेकंद आहे, तेथे हे थोडे नव्हे. उभ्या रेघा असलेल्या प्लॅस्टिकच्या पुंगळ्या यामुळेच दुनळीवाल्यांना नकोशा असतात. पुंगळीच्या बुडाची धातूची टोपलीही महत्त्वाची आहे: पितळ दाबाने फुगते आणि पुन्हा आकसते, तर स्वस्त काडतुसांची मुलामा दिलेली पोलादी टोपली तितकी आकसत नाही आणि बंदूक तापल्यावर अधिकच धरून बसते. विंचेस्टर एए आणि रेमिंग्टन एसटीएस ही दोन नावे या खेळात एवढी बोलली जातात, त्याचे कारण हे आहे. पंप बंदुकीत ओढणारा आकडा पुंगळीला खेचून काढतो, त्यामुळे तिच्या मालकाला थोडी मोकळीक असते.

वजन आणि वेग यांचा निर्णय निशाणावर अवलंबून असतो. शॉटगनची निशाणे साधारण 8 ते 16 यार्डांवर असतात आणि बहुधा पडणाऱ्या पोलादी पट्ट्यांची असतात; पट्टी पडली नाही तर पुन्हा बार काढावा लागतो. खांद्याला हलके म्हणून 26 ग्रॅम शिसे 980 फूट प्रतिसेकंदाने फेकणारे काडतूस फार लोकप्रिय आहे, पण 32 ग्रॅम आणि 1145 फुटांच्या काडतुसाशी तुलना केली तर त्याचा संवेग जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी भरतो. नीट मांडलेली पट्टी त्यानेही पडते. घट्ट बसवलेल्या किंवा वाऱ्याविरुद्ध उभ्या पट्टीच्या काठाला छर्ऱ्यांचा अर्धाच झुबका लागला, तर ती डुलून पुन्हा उभी राहते. माझ्या मते नवशिक्याने एक औंसाच्या मध्यम वेगाच्या काडतुसापासून सुरुवात करावी आणि दोन बारांमधील आपला वेळ मोजून मगच हलक्याकडे जावे.

छर्ऱ्यांबाबत नियमाने फारशी निवड ठेवलेलीच नाही: शिसेच हवे, नंबर 4 किंवा त्याहून बारीक हवे, पोलादी किंवा मुलामा दिलेले छर्रे चालत नाहीत आणि मॅग्नम, म्हणजे नेहमीपेक्षा जोरदार, काडतुसे वर्ज्य आहेत. अमेरिकी नंबर 17 मधून वजा केला की छर्ऱ्याचा व्यास इंचाच्या शतांशात मिळतो. नंबर 8 चा छर्रा 0.09 इंचाचा असतो आणि एका औंसात असे सुमारे 410 छर्रे मावतात. इतक्या जवळच्या पोलादावर आपटून शिसे चपटे होते किंवा त्याचा चुरा होतो, पोलादी छर्रा मात्र नेमबाजाकडे आणि प्रेक्षकांकडे उलटतो. पाणपक्षी शिसे गिळून विषबाधेने मरत होते, म्हणून 1991 पासून अमेरिकेत त्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे देशभर बंद झाले आणि दुकानांच्या फळ्यांवर पोलादी छर्ऱ्यांची काडतुसे वाढली. त्यामुळे खोके उचलण्यापूर्वी त्यावरची अक्षरे वाचणे या खेळात सुरक्षेचा भाग झाले आहे.

काळ्या दारूच्या गटात खेळणारे मात्र इतिहासाची वाट उलट चालतात. काळी दारू घाण जळते, तिच्यामुळे प्लॅस्टिकची वाटी वितळून नळीच्या आत तिचे पापुद्रे चिकटतात. म्हणून हे स्पर्धक पुन्हा पुठ्ठा आणि नमदा यांच्याकडे वळतात. त्यांतले काही जण पितळेच्या पुंगळ्या भरतात. पितळेची भिंत पातळ असल्याने बारा बोअरच्या पुंगळीत बारा बोअरचे बूच सैल पडते आणि अकरा किंवा दहा बोअरचे बूच दाबून बसवावे लागते. वरच्या चकतीला तर दुमडलेले तोंड धरून ठेवत नाही, म्हणून तिच्या कडेने डिंकाची किंवा सोडियम सिलिकेटची एक रेघ फिरवून ती वाळेपर्यंत काडतुसे रात्रभर उभी ठेवतात.