गिटारच्या बाजू वाकवणे

अकूस्टिक गिटारच्या पेटीची पुढची फळी आणि पाठ यांच्यामध्ये एक नागमोडी भिंत असते. ती दोन पातळ लाकडी पट्ट्यांची बनते. सरळ चिरलेल्या या पट्ट्या तापवून त्यांना कायमचे वळण देण्याचे काम म्हणजे बाजू वाकवणे. पट्टी साधारण ८० सेंटीमीटर लांब, १० ते १२ सेंटीमीटर रुंद आणि रंधून, घासून २ मिलिमीटरच्या आसपास आणलेली असते. मिरजेच्या सतारमेकरांना हा खटाटोप पडत नाही. त्यांचा भोपळा वेलीवरूनच गोलाई घेऊन येतो.

पट्ट्या आधी भिजवतात, त्यामुळे लाकूड पाण्याने मऊ होते असा समज होतो. खरे काम उष्णतेचे आहे. लाकडातले सेल्युलोजचे तंतू लिग्निन या द्रव्याने एकमेकांना धरलेले असतात. तापल्यावर लिग्निन मवाळ होते, तंतू किंचित सरकतात आणि निवल्यावर नव्या जागी बसतात. ओलसर लाकडात हे १०० अंश सेल्सियसच्या आतबाहेर घडते, कोरड्याला बरीच जास्त आंच लागते. पाण्यामुळे लाकूड लवकर करपतही नाही. मात्र फार वेळ भिजवलेली पट्टी रुंदीत पन्हळीसारखी वळते आणि मग ती सपाट करणे हेच एक काम होऊन बसते.

जुनी आणि अजूनही टिकून असलेली पद्धत तापलेल्या नळीची. धातूची नळी आडवी घट्ट बसवून विजेने किंवा बर्नरने तापवतात. तिच्यावर शिंपडलेला थेंब पसरून न बसता मण्यासारखा उड्या मारत निसटला, की नळी तयार. बहुतेक कारागीर गिटारच्या कंबरेपासून, म्हणजे मधल्या आत वळलेल्या भागापासून, सुरुवात करतात. पट्टी नळीवर टेकवून हलकेच पुढेमागे डोलवायची, जोर लावायचा नाही. क्षणभर काही होत नाही. मग हाताखालचा ताठरपणा एकाएकी सुटतो. तेवढ्यात वळण द्यायचे, आकाराच्या नकाशावर धरून पाहायचे आणि पुन्हा नळीकडे जायचे. घाई झाली तर कंबरेपाशी बारीक ‘कट्’ ऐकू येते. मऊ झालेले लाकूड दाब बराच सोसते, ताण फारच थोडा. म्हणून तडा वळणाच्या बाहेरच्या अंगाला जातो. तो टाळण्यासाठी त्या बाजूने पातळ पोलादी पट्टी लावून धरतात.

लाकडागणिक स्वभाव बदलतो. फ्लामेंको गिटारचे सायप्रस सहज वळते, तर लहरी रेषांचे मेपल कुठे दगा देईल सांगता येत नाही. शिसवी निमूटपणे वाकते, तापताना गोडसर वास सोडते आणि भिजवायचे पाणी जांभळट करते. मराठी घरांतल्या शिसवी देव्हाऱ्यांचे आणि पलंगांचे हेच लाकूड. अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीने ब्राझिलियन रोजवुड मिळेनासे झाल्यावर १९६९ मध्ये भारतीय शिसवीचा आधार घेतला आणि पुढे ते जगभर रूढ झाले.

बाजूंच्या लाकडाचे कौतुक कधीकधी अवाजवी वाटते. स्पेनच्या आंतोनियो दे तोरेस या गिटार कारागिराने १८६२ मध्ये पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या. आवाज मुख्यतः पुढच्या फळीतून येतो, हे त्याला दाखवायचे होते. ती गिटार बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आहे.

१९७० च्या दशकात अमेरिकी कारागीर चार्ल्स फॉक्सने साच्यावर पट्टी दाबून वाकवणारे यंत्र रूढ केले. त्यात आधी विजेचे दिवे उष्णता देत. आता तापणारी सिलिकॉनची चादर वापरतात. दोन्ही बाजू हुबेहूब सारख्या निघतात, पण लाकूड कधी सुटले हे हाताला कळत नाही.

वाकवलेली पट्टी निवताना थोडी उघडतेच, म्हणून ती रात्रभर साच्यात आवळून ठेवतात. नंतर आतल्या कडांना अस्तराची पट्टी सरसाने चिकटवतात. खाचांची असेल तर तिला आंच लागत नाही: करवतीने जवळजवळ पाडलेल्या खाचांमुळे ती हातानेच वळते.