होमर अँड जेथ्रो: बेसूर गाणाऱ्या दोन सुरेल माणसांची पार्श्वभूमी

जुन्या अमेरिकन कंट्री म्युझिकच्या, म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यातल्या गाण्यांच्या, रेकॉर्ड्स चाळायला लागलं की होमर अँड जेथ्रो हे नाव कुठेतरी येतंच, आणि कॉमेडीवाले दिसतायत म्हणून बहुतेक जण पुढे सरकतात. तिथेच घोळ होतो. १९३६ ते १९७१, मधली महायुद्धाची वर्षं सोडली तर ही जोडी अखंड चालली, आणि माझं तर स्पष्ट मत आहे की ती चालली वाजवण्याच्या जोरावर, विनोद हा वर्ख होता. हसणाऱ्यांचं तिकडे लक्ष गेलं नाही हा भाग वेगळा.

दोघेही टेनेसीचे, दोघांचा जन्म १९२०चा. होमर म्हणजे हेन्री हेन्स, गिटारवाला, आणि जेथ्रो म्हणजे केनेथ बर्न्स, मँडोलिनवाला. सोळा वर्षांचे असताना नॉक्सव्हिलच्या डब्ल्यूएनओएक्स रेडिओ स्टेशनवर ऑडिशनला गेले आणि तिथेच त्यांची गाठ पडली. त्या काळी रेडिओ म्हणजे सगळं लाइव्ह, स्टेशनकडे स्वतःचे वादक असायचे, आणि या स्टेशनचा मिड-डे मेरी-गो-राउंड नावाचा दुपारचा कार्यक्रम तर समोर प्रेक्षक बसवून व्हायचा. या पोरांना एका बँडमध्ये घेतलं, स्ट्रिंग डस्टर्स नावाच्या, आणि तो बँड वाजवायचा काय तर स्विंग, म्हणजे त्या काळचं नाचायचं जॅझ! मधल्या वेळेत हे दोघे टाइमपास म्हणून शहरी हिट गाणी नाकात, हेल काढून, डोंगरातल्या गावंढळ माणसाच्या थाटात म्हणायचे, आणि लोक बँडपेक्षा त्यालाच जास्त हसायला लागले.

नावांचा किस्सा तर एकदम भारी आहे. तोपर्यंत ते ज्युनिअर आणि ड्यूड म्हणून ओळखले जायचे. एकदा कार्यक्रम चालू असताना स्टेशनचे प्रोग्रॅम डायरेक्टर लॉवेल ब्लँचर्ड ऐनवेळी ही नावंच विसरले, आणि तोंडाला येईल ते ठोकून दिलं, होमर आणि जेथ्रो. झालं, तीच नावं जन्मभर चिकटली.

आता गावंढळ सोंगच का, तर तेव्हाच्या रेडिओवर त्याचा मोठा बाजार होता. शिकागोच्या डब्ल्यूएलएसवर १९२४ साली नॅशनल बार्न डान्स हा कंट्री गाण्यांचा कार्यक्रम सुरू झाला, पुढच्याच वर्षी नॅशव्हिलमध्ये ग्रँड ओल ऑप्रीची सुरुवात झाली, आणि अशा कार्यक्रमात दोन गाण्यांच्या मध्ये एक खेडवळ विनोदी पात्र पाहिजेच पाहिजे. किमतीचं लेबल लटकणारी टोपी घालणारी मिनी पर्ल ही त्यातली सगळ्यात गाजलेली, आणि ती बाईसुद्धा प्रत्यक्षात चांगल्या कॉलेजात शिकलेली. म्हणजे अडाणीपणाचं सोंग करायला हुशार माणसं लागतात हे तिथे जुनंच होतं. या जोडीचा वेगळेपणा असा की यांचा विनोद दोन गाण्यांच्या मध्ये न येता थेट गाण्यातच यायचा.

१९३९ला ते केंटकीतल्या रेनफ्रो व्हॅली बार्न डान्समध्ये गेले, मग युद्ध आलं, दोघांना सैन्यात बोलावणं आलं, एक पॅसिफिकला गेला एक युरोपला. १९४५ला परत आल्यावर पुन्हा एकत्र, मग सिनसिनाटी, तिथे किंग रेकॉर्ड्ससाठी स्वतःच्या रेकॉर्ड्स आणि दुसऱ्यांच्या मागे साथही.

खरी कलाटणी १९४९ची. आरसीए व्हिक्टर या रेकॉर्ड कंपनीचे स्टीव्ह शोल्स यांनी त्यांना घेतलं आणि सुचवलं की नुसतं गमतीदार आवाजात गाण्यापेक्षा शब्दच बदला, सरळ विडंबन करा. पहिला मोठा हात मारला तो बेबी इट्स कोल्ड आउटसाइडवर, सोबत गायला जून कार्टर, हो, तीच जी पुढे कंट्री गायक जॉनी कॅशची बायको झाली. मूळ गाणं फ्रँक लेसरचं. त्यांनी परवानगी दिली पण अट घातली की रेकॉर्डच्या लेबलवर फ्रँक लेसर यांची क्षमा मागून असं छापायचं. आता बोला, आधी माफी आणि मग गाणं! पण रेकॉर्ड चालली, कंट्रीच्या चार्टवर, म्हणजे गाजलेल्या गाण्यांच्या यादीत, पहिल्या दहात आणि पॉपच्या चार्टवरही चढली, आणि यांचा धंदा ठरून गेला. मग शिकागोला बस्तान बसवलं, नॅशनल बार्न डान्समध्ये १९५८पर्यंत होते. १९५३ला गायिका पॅटी पेजचं खिडकीतल्या गोंडस कुत्र्याच्या पिल्लाचं गाणं सगळीकडे वाजत होतं, यांनी त्या पिल्लाच्या जागी शिकारी कुत्रं आणून बसवलं आणि कंट्री चार्टवर थेट दुसऱ्या नंबरपर्यंत गेले.

पण सगळ्यात गाजलं ते १९५९चं द बॅटल ऑफ कूकामोंगा. याच्यामागे अजून एक मजेदार गोष्ट आहे. आर्कान्सामध्ये जिमी ड्रिफ्टवुड नावाचे एक शिक्षक होते, त्यांनी पोरांना इतिहास शिकवायला म्हणून न्यू ऑर्लिन्सच्या लढाईवर, १८१५ला अमेरिकनांनी इंग्रजांना हरवलं त्यावर, फिडलवरच्या, म्हणजे गावाकडच्या व्हायोलिनवरच्या, एका जुन्या चालीत गाणं रचलं. कंट्री गायक जॉनी हॉर्टनने ते गायलं आणि १९५९मध्ये ते देशभर नंबर वन झालं. होमर-जेथ्रोने काय केलं तर सैनिकांच्या जागी स्काऊटची पोरं घातली, जी निसर्गाचा अभ्यास करायला म्हणून कॅम्पला जातात आणि प्रत्यक्षात पोरींच्या मागे धावत सुटतात. चाल तीच, तोच कूच करणारा ठेका, फक्त लढाई अशी की इंग्रजांचा पत्ताच नाही. आणि कळस म्हणजे त्याच वर्षीच्या ग्रॅमीत ड्रिफ्टवुडला साँग ऑफ द इयर, हॉर्टनला कंट्रीचं बक्षीस आणि या दोघांना संगीत-विनोदाचं बक्षीस. मूळ गाणं आणि त्याची टर उडवणारं गाणं, दोन्ही एकाच समारंभात जिंकली.

आता वाजवण्याकडे येतो, कारण माझ्यासाठी खरा माल तिथे आहे. मँडोलिनला तारांच्या चार जोड्या असतात, व्हायोलिनसारख्याच सुरांत लावलेल्या, आणि कंट्रीत बिल मन्रोंच्या ब्लूग्रास या वेगवान शैलीनंतर ती बहुतेक जण सुसाट वेगाने नाहीतर खटखट तोडत वाजवतात. जेथ्रोचा कान मात्र जॅझवाल्या जँगो राइनहार्टच्या गिटारवर तयार झालेला. तो चालीतल्या सुराखाली अख्खी कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे तीन-चार सूर, धरायचा, म्हणजे चाल पुढे सरकते तशी डाव्या हाताची बोटं दर दुसऱ्या ठोक्याला नवीन आकार घेतायत, आणि त्या छोट्याशा वाद्यातून दोन-तीन माणसं वाजवतायत असा भास होतो. खाली होमर, प्रत्येक मात्रेला एक स्ट्रोक, चारच्या चार सारख्या, जॅझ बँडमधल्या रिदम गिटारसारख्या, ना कमी ना जास्त. असली साथ करणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण तो थांबला की सगळं कोसळतं. आणि ते बेसूर गाणं? मुद्दाम, दोघांनी मिळून, दर वेळी हव्या तेवढ्याच चुकीच्या सुरावर जाऊन आदळायचं म्हणजे आधी बरोबर सूर कुठे आहे ते पक्कं माहीत पाहिजे.

गिटारचा बादशहा चेट अ‍ॅटकिन्स तर जेथ्रोचा साडू, दोघांच्या बायका जुळ्या बहिणी. त्यामुळे नॅशव्हिलच्या वादकांमध्ये यांचा दर्जा काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पुढे तिघांनी मिळून नॅशव्हिल स्ट्रिंग बँड नावाने रेकॉर्डसुद्धा काढल्या. पण बाहेरच्या पब्लिकला हे दोघे म्हणजे केलॉग्जच्या कॉर्नफ्लेक्सच्या जाहिरातीतले जोकर. साठच्या दशकात त्या जाहिरातींनी त्यांना घराघरात पोचवलं, पैसेही दिले असणार, पण वादक म्हणून ऐकणारा वर्ग काही त्यातून वाढला नाही.

७ ऑगस्ट १९७१ला होमर हार्ट अटॅकने गेला, वय ५१. जेथ्रोने नवीन होमर शोधून तेच दुकान चालू ठेवायचा नाद फार काळ केला नाही, आणि मला वाटतं त्यातच त्याचं दुसरं आयुष्य सुरू झालं. शिकागोजवळच्या एव्हनस्टनमध्ये मँडोलिन शिकवायला लागला, फोक गायक स्टीव्ह गुडमनबरोबर दौरे केले, आणि ज्या तरुण पोरांनी ते कॉर्नफ्लेक्सवालं सोंग कधी नीट पाहिलंच नव्हतं त्यांनी त्याला आधी वादक म्हणून ओळखलं. १९८९ला तोही गेला. कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेमने जोडीला २००१ला घेतलं, म्हणजे दोघांपैकी एकही ते बघायला नव्हता. इतका उशीर का लावला देव जाणे.

कोणाला ऐकायचंच असेल तर आधी हॉर्टनचं मूळ गाणं ऐका, लगेच पाठोपाठ कूकामोंगा, नाहीतर अर्धी मजा जाते. आणि मग १९६७चा इट एन्ट नेसेसरिली स्क्वेअर हा अल्बम लावा, त्यात कोणी गात नाही, विनोद नाही, नुसतं वाजवणं.