मापदर्शन (ऑनलाइन कपडेविक्रीतील)

ऑनलाइन कपडे घेताना ग्राहकाला अंगाला नीट बसणारे माप निवडता यावे म्हणून विक्रेता जी माहिती देतो, तिला मापदर्शन म्हणता येईल. मापतक्ता, टेप कुठे धरायची याच्या सूचना, कापडाचे वर्णन, आधीच्या ग्राहकांचे अभिप्राय आणि संगणकाने सुचवलेले माप हे सारे त्यात येते. कपडे परत येण्याच्या प्रमुख कारणांपैकी न बसणारे माप हे एक असल्याने, रिटर्न कमी करण्याचे काम बहुधा इथूनच सुरू करावे लागते.

‘मीडियम’ किंवा ‘३८’ या खुणांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, हे अडचणीचे मूळ. अमेरिकेच्या कृषी खात्याने १९३९-४० मध्ये सुमारे १५,००० स्त्रियांची मोजमापे घेतली. त्या आकडेवारीच्या आधारे १९५८ मध्ये तयार कपड्यांसाठी ऐच्छिक मानक आले, पण १९८३ मध्ये ते मागे घेतले गेले. युरोपचे ईएन १३४०२ हे मानक लेबलावर अंगाची मापे सेंटिमीटरमध्ये द्यायला सांगते, पण तेही ऐच्छिकच. त्यातच ग्राहकाला बरे वाटावे म्हणून घेर वाढवून आकडा मात्र लहानच ठेवण्याची रीत अनेक कंपन्यांत रुजली.

तक्त्यांतला सर्वांत मोठा घोळ अंगाचे माप आणि कपड्याचे माप यांत होतो. ९६ सेंमी छातीसाठी शिवलेल्या शर्टाचा घेर १०६ सेंमी असू शकतो. मधले १० सेंमी हा लूज, म्हणजे हालचालीसाठी ठेवलेली सैल जागा. तक्त्यात नुसते ‘छाती १०६’ लिहिले, तर ९६ छातीचा माणूस खालचे माप मागवतो आणि शर्ट मुंढ्यात काचतो. ताणल्या जाणाऱ्या कापडात उलटे घडते : कपडा अंगापेक्षा लहान असूनही नीट बसतो. म्हणून दोन्ही मापे वेगवेगळी द्यावीत, आणि तीही ब्रँडची सरसकट नव्हे, तर त्या एका डिझाइनची, शिवून झालेल्या कपड्यावरून घेतलेली. ग्राहकासाठी सोपी वाट म्हणजे स्वतःचा नीट बसणारा शर्ट सपाट अंथरून एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत मोजणे. आलेला आकडा दुप्पट केला की घेर मिळतो. सुती कापड धुतल्यावर आटणार असेल, तर तेही तिथेच सांगायला हवे.

माप सुचवणाऱ्या संगणकप्रणाली आधीच्या खरेदी आणि रिटर्नवरून शिकतात. एकाच खात्यावरून सारे घर खरेदी करत असेल तर त्या गोंधळतात, आणि नव्या डिझाइनचा इतिहासच त्यांच्यापाशी नसतो.

परत आलेला कपडा मात्र फार काही सांगू शकतो. ‘लहान पडला’ एवढ्यावर न थांबता खांद्यात, कमरेत की सीटला, हे विचारले पाहिजे. बहुतेकांची तक्रार एकाच जागेची असेल तर तक्ता तपासावा. पण ती एकाच लॉटपुरती असेल, तर दोष कटाईचा किंवा शिलाईचा असण्याची शक्यता अधिक. तिथे तक्ता बदलणे म्हणजे पुढच्या ग्राहकालाही चुकीचे माप निवडायला लावणे. एकच कपडा दोन मापांत मागवून एक परत करणारे ग्राहक वेगळे मोजावेत. त्यांचे माप चुकलेले नसते, त्यांचा तक्त्यावर विश्वास नसतो.