उफणणीचा पंखा आणि ज्वारीएवढा खडा

सोलापुरात घरघंटी घेतली आणि दुसऱ्याच आठवड्यात ज्वारीतल्या एका खड्याने तिची जाळी फाडली. दुरुस्तीवाल्याने खडा माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाला, "निवडून दळत जावा की." दोन पोती ज्वारी निवडायची कधी, या विचारात असतानाच गावाकडचा पंखा आठवला.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या घरी गोठ्याच्या कोपऱ्यात उफणणीचा, म्हणजे वाऱ्याने धान्यातला कोंडा-कचरा उडवायचा, हातपंखा पडून आहे. लाकडी पेटी, आत पत्र्याची चार पाती, बाजूला फिरवायचा दांडा, पुढे दोन हलत्या चाळण्या. मळणी यंत्र उफणणीही स्वतःच करायला लागलं, तेव्हापासून या पंख्यावर कोंबड्या बसतात.

त्याच्या आधीची सोय म्हणजे वावडी, खळ्यातली तिवई. तिच्यावर उभं राहून पाटीतून धान्य सोडायचं, बाकी काम वाऱ्याचं. त्यातलं गणित सोपं आहे. पडणाऱ्या वस्तूचा वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो आणि एका टप्प्यावर दोन्ही जुळून वेग स्थिर होतो. हा अंतिम वेग. ज्वारीच्या दाण्यासाठी तो सेकंदाला ढोबळमानाने ७ ते १० मीटर भरतो, हलक्या कोंड्यासाठी जेमतेम १ ते २ मीटर. दोन मीटर उंचीवरून सोडलेला दाणा पाऊण सेकंदाच्या आत खाली येतो. कोंडा दीड-दोन सेकंद रेंगाळतो आणि तेवढ्यात बेताचा वारासुद्धा त्याला चार-पाच मीटर लांब नेऊन टाकतो. वावडी उंच असते ती वाऱ्याला हा वेळ मिळावा म्हणून.

वारा पडला की मात्र माणसं खळ्यावर बसून राहायची. दांडा फिरवून हवा तेव्हा वारा करणारी पेटी चीनमध्ये हान राजवटीच्या काळातच होती. तिथल्या थडग्यांत तिच्या मातीच्या प्रतिकृती सापडल्या आहेत. स्कॉटलंडमध्ये ती अठराव्या शतकात पोचली, तेव्हा काही धर्मगुरूंनी तिला सैतानाचा वारा ठरवलं. देवाने वारा पाठवायची वाट न बघता माणसाने तो पेटीत करायचा, हे त्यांना रुचलं नाही. आमच्याकडच्या पेटीला तेवढा मान कधी मिळाला नाही.

चाळण्यांचं काम वेगळं. वाऱ्याला वजन कळतं, चाळणीला फक्त माप. वरच्या चाळणीवर काडी-कचरा आणि अर्धवट मळलेली बोंडं अडकतात, खालचीतून माती, चुरी आणि तणाचं बारीक बी गळतं. त्यातही गंमत आहे. भोक गोल असेल तर दाणा जाणार की नाही ते त्याची रुंदी ठरवते. फट लांबट असेल तर जाडी. आमच्या मालदांडी ज्वारीचा दाणा टपोरा असला तरी अगदी गोल नसतो, थोडा चपटा असतो. म्हणून गव्हासाठी घेतलेली लांबट फटींची चाळणी ज्वारीला चालेलच असं नाही.

आता तो खडा. दगडाची घनता दाण्याच्या साधारण दुप्पट, पण अंतिम वेग दुप्पट होत नाही. तो घनतेच्या वर्गमुळाप्रमाणे वाढतो, म्हणजे दाण्याएवढ्याच खड्यासाठी जेमतेम १.४ पट. आणि खडा दाण्याच्या निम्म्या जाडीचा असेल, तर दोघांचा वेग जवळपास सारखाच, वाऱ्याला फरक कळतच नाही. म्हणून चाळण आधी आणि वारा नंतर हवा. निम्म्या मापाचे खडे चाळणीत गळून गेले की वाऱ्यापुढे उरतात फक्त दाण्याच्या मापाचे, आणि तिथे १.४ पट फरकाचा निदान काही उपयोग होतो. हाताने फिरवलेल्या दांड्याचा वारा मात्र एकसारखा नसतो. माझा हात दर पाचव्या मिनिटाला ढेपाळत होता.

आमच्या भागात आणखी एक त्रास आहे. इथे रब्बीची ज्वारी बऱ्याच ठिकाणी मुळासकट उपटून काढतात, त्यामुळे काळ्या रानाची ढेकळं सोबत येतात. त्यांचा ज्वारीएवढा खडा दगडापेक्षा बराच हलका, म्हणून पंख्यालाही फसवतो. पाण्यात टाकला तर विरघळून जातो. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुटते. खऱ्या दगडालाही पाणीच चांगलं ओळखतं. पाण्यात प्रत्येक वस्तूच्या वजनातून तेवढ्या पाण्याचं वजन वजा होतं. मग दाण्याचं उरतं थोडंसं, दगडाचं बरंच, आणि दोघांतला दुपटीचा फरक पाच-सहा पटींवर जातो. तांदूळ-डाळ रोळून घेतात ते यासाठीच. पण ज्वारी धुवायची म्हटल्यावर काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं की विषय तिथेच संपला. शिवाय धुतलं की दाताखाली कट्ट वाजेपर्यंत वाळवणं आलं.

पंखा वापरण्याआधी दोन गोष्टी तपासल्या. पहिली, रंग. जुन्या रंगांत शिसं असू शकतं. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर दहा लाखांत ९० भागांची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, हा पंखा त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून सुटलेला रंग कोरडा न घासता ओल्या फडक्याने काढला आणि धान्य जिथून सरकतं तिथे नवा पत्रा ठोकला. दुसरी, बियाणं. काणी या बुरशीच्या रोगासाठी ज्वारीच्या बियाण्याला गंधक चोळतात, कधी थायरम हे बुरशीनाशक. तसलं बियाणं ज्या पेटीतून गेलं असेल, तिच्या फटीत पावडर बसलेली असते. आमच्या पेटीच्या सांध्यांतून पिवळट भुकटी निघालीच. दोन दिवस पेटी उन्हात उघडी पडली होती, त्याआधी साबणाच्या पाण्याने तीनदा धुतली.

बाहेर पडायच्या तोंडाशी जुन्या स्पीकरमधलं चुंबक बांधलं. त्याला दोन गंजके तुकडे चिकटले, दोन्ही या पंख्याचेच.

दहा किलो ज्वारी घालायला आणि दांडा फिरवायला अर्धा तास गेला. ज्वारीची कूस, म्हणजे बारीक खाजरी धूळ, अंगभर, खाज सुटली ती वेगळीच. पंख्याने कोंडा आणि बारीक माती मात्र झकास काढली. मग काकूंनी सूप घेतलं. त्या घोळताना दाणे उडतात, मध्ये हवा शिरते, हलके वर येऊन पुढे सरकतात आणि जड तळाशी मागे राहतात. गिरणीत खडे काढणारं यंत्र असतं, त्यातही खालून हवा आणि हलती उतरती जाळी, दाणे तरंगत उताराला लागतात आणि दगड हादऱ्यांनी वर चढतात. काकूंच्या मनगटाला दोन्ही कामं एकदम जमतात.

सुपाच्या मागच्या कोपऱ्यात चौदा खडे जमले. काकूंनी एकेक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तेरा गारगोटीचे निघाले. चौदावा त्यांनी नखाने दाबला, आणि त्याची काळी माती झाली.