डान्स बार आणि हायवेवरची परमिट रूम

कोर्टाने सरकारच्या विरोधात निकाल दिला, की आमच्या कुडाळच्या नाक्यावर कोणीतरी पेपराची घडी घालत म्हणतोच, 'ही न्यायालयीन सक्रियता!' निकाल आवडला तर सक्रियता, नावडला तर अतिक्रमण. माझं डोकं उठतं ते इथेच. बऱ्याचदा ते यातलं काहीच नसतं, साधं न्यायिक पुनर्विलोकन असतं.

पुनर्विलोकन शाळेच्या नागरिकशास्त्रात झालंय. अनुच्छेद 13, मूलभूत हक्कांच्या आड येणारा कायदा तेवढ्यापुरता रद्द. 1973 च्या केशवानंद निकालापासून घटनादुरुस्तीलाही चाळणी लागते, घटनेची मूलभूत चौकट मोडत नाही ना याची. एवढं पुरे.

मेख पुढे आहे. 2005 मध्ये राज्याने डान्स बार बंद केले, पण बड्या तारांकित हॉटेलांना मोकळीक ठेवली. मुंबई उच्च न्यायालयाने 2006 मध्ये ती बंदी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये तोच निकाल कायम ठेवला. कायदा घटनेशेजारी ठेवून पाहिला, जुळला नाही, बाजूला सारला. पदरचा नियम एकही घातला नाही. निकालाचा कितीही राग येवो, हे पुनर्विलोकनच.

आता डिसेंबर 2016 घ्या. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश. कायदा एकही रद्द झाला नव्हता. अंतराचा आकडाच न्यायालयाने घातला, अनुच्छेद 142 च्या, म्हणजे संपूर्ण न्यायासाठी लागेल तो आदेश काढायच्या अधिकाराच्या, आधाराने. एप्रिल उजाडला आणि आमच्याकडे परमिट रूमवाले रस्त्याच्या कडेला टेप धरून ओणवे. आदल्याच दिवशी, 31 मार्चला, 20,000 पर्यंत वस्तीच्या ठिकाणी 220 मीटर झाले होते, पुढे जुलैत पालिका हद्दीला मोकळीक मिळाली. आकडा घालायचा, कमी करायचा, सूट द्यायची, हे उत्पादन शुल्क खात्याचं काम. याला सक्रियता म्हणा, खुशाल म्हणा.

सक्रियता म्हणजे वाईटच, असं मात्र नाही. 1997 च्या विशाखा निकालातली, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धची मार्गदर्शक तत्त्वं मला मान्य आहेत. कायदा नव्हता, आणि तो होईपर्यंतच ती होती. कायदा यायला 2013 उजाडलं, तो दोष न्यायालयाचा नव्हे. हायवेचा आकडा मला अजून पटलेला नाही.

न्यायाधीश नेमणुकांवर तर भलेभले आपटतात. 2015 मध्ये नेमणूक आयोग रद्द झाला, ते पुनर्विलोकन. घटनेत शब्दही नसलेलं कॉलेजियम, म्हणजे न्यायाधीशांनीच न्यायाधीश निवडायची पद्धत, 1993 मध्ये न्यायालयाने उभं केलं, ती सक्रियता. नाक्यावर शिव्या 2015 ला पडतात.