कूल जॅझ आणि मोडल जॅझ: दोन्ही शांत वाटतात, पण एक नाहीत

रविवारी सकाळी ऐकायला शांत जॅझ सुचवा म्हटलं की पहिलं नाव ठरलेलं, ट्रंपेट वाजवणाऱ्या माइल्स डेव्हिसचा अल्बम 'काइंड ऑफ ब्लू', आणि पाठोपाठ कोणीतरी हमखास सांगतं की हा कूल जॅझ. मग नवीन ऐकणारा 'कूल' शोधत माइल्सच्याच 'बर्थ ऑफ द कूल'कडे जातो आणि तिथे त्याला तीन-तीन मिनिटांचे, घट्ट बसवलेले, काही तर चांगलेच पळणारे ट्रॅक मिळतात, आणि वाटतं की जॅझ आपल्याला कळतच नाही. असं बिलकुल नाहीये. माणूस एकच असला तरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कूल म्हणजे आवाज कसा लावायचा त्याची गोष्ट आणि मोडल म्हणजे तो आवाज कशाच्या आधारावर उभा आहे त्याची.

आधी कूल. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये बीबॉप ही जॅझची वेगवान शैली जोरात होती, चार्ली पार्करसारखे लोक प्रचंड वेगात वाजवायचे आणि तरुण माइल्स पार्करच्याच बँडमध्ये होता. १९४८च्या आसपास संगीत-संयोजक गिल एव्हान्सच्या ५५व्या स्ट्रीटवरच्या तळघरातल्या खोलीत माइल्स आणि इतर मंडळी जमायची, तिथून नऊ जणांचा बँड उभा राहिला, ज्यात फ्रेंच हॉर्न आणि ट्यूबासुद्धा होते, म्हणजे जॅझच्या छोट्या बँडमध्ये सहसा न दिसणारी वाद्यं. १९४९-५० मध्ये कॅपिटल कंपनीसाठी रेकॉर्डिंग झालं, आधी ७८च्या तबकड्या आल्या (त्यांच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, म्हणून ती तीन मिनिटं!) आणि 'बर्थ ऑफ द कूल' या नावाचा अल्बम थेट १९५७ला. यात कॉर्ड्स, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, बीबॉपइतक्याच भराभर बदलतात, पण आवाज मऊ आहे, सुरावर कंप कमी, कोणी कोणाच्या अंगावर धावून जात नाही. पुढे लॉस एंजेलिसला १९५२मध्ये जेरी मलिगनने आपल्या बँडमधून पियानोच काढून टाकला, त्याचा बॅरिटोन सॅक्सोफोन आणि चेट बेकरचा ट्रंपेट एकमेकांत इतके हळुवार गुंफतात की मला ते बर्थ ऑफ द कूलपेक्षाही जास्त आवडतं, आणि निवांत सकाळी ऐकायला तर नक्कीच.

आता मोडल, आणि इथे आपल्याकडच्या ऐकणाऱ्याला खरं तर फार सोपं पडायला हवं. 'काइंड ऑफ ब्लू' २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ अशा दोन दिवसांत रेकॉर्ड झाला. त्यातला पहिला ट्रॅक 'सो व्हॉट' घ्या, घरी पेटी असेल तर समोर घेऊनच बसा. पांढरी दोनला सा धरा आणि काफी थाटाचे सूर वाजवा, सोळा बार (एक बार म्हणजे इथे चार मात्रा) फक्त तेवढंच. मग सा अर्ध्या सुराने वर, काळी दोनला, थाट काफीच, आठ बार. परत पांढरी दोन, आठ बार. संपलं, नऊ मिनिटांच्या वर चालणाऱ्या त्या ट्रॅकचा सांगाडा एवढाच. कॉर्ड बदलणार म्हणून धावायची गरजच नाही, त्यामुळे माइल्स दोन सूर वाजवून थांबू शकतो आणि ती थांबलेली जागा रिकामी वाटत नाही. अर्थात हा राग नव्हे, यात पकड नाही, आरोह-अवरोहाचे नियम नाहीत, पण एकाच सुरावलीत रमायची सवय आपल्या कानाला आहे.

मात्र मोडल म्हणजे शांतच असं समजू नका. त्याच अल्बमवर सॅक्सोफोन वाजवणारा जॉन कोल्ट्रेन पुढे मोडल वाटेनेच गेला आणि १९६४चं त्याचं 'अ लव्ह सुप्रीम' काही चहा पिता पिता ऐकायचं संगीत नाही, ते सगळं लक्ष मागतं. उलट 'काइंड ऑफ ब्लू'मधलं सगळंही मोडल नाही, 'ब्लू इन ग्रीन'मध्ये कॉर्ड्स बदलत राहतात, दहा बारांचं चक्र फिरत राहतं, आणि तरी तोच ट्रॅक सगळ्यात शांत वाटतो, त्याचं मोठं श्रेय बिल एव्हान्सच्या पियानोला.

म्हणून पुढे काय ऐकायचं हे आपल्याला नक्की काय आवडलं यावर ठरवा. तो हळुवार लावलेला आवाज आवडला असेल तर चेट बेकर आणि सॅक्सोफोनवाला पॉल डेस्मंड. ती मोकळी जागा आवडली असेल तर बिल एव्हान्सचा 'पीस पीस', डिसेंबर १९५८चा, एकट्या पियानोवर. डावा हात सुरुवातीपासून दोनच कॉर्ड्स झुलवत राहतो, उजवा हात त्यावर हळूहळू असे सूर आणतो जे खरं तर तिथे बसायला नकोत, आणि बसतात. मग लगेच 'काइंड ऑफ ब्लू'मधला 'फ्लॅमेन्को स्केचेस' लावा, सुरुवातीला पियानोवर तेच दोन कॉर्ड्स ओळखू येतील.