पार्श्वभूमी : जीपीएस यंत्र आणि परदेशातील कायदा

मूळ लष्करी असलेली जीपीएस यंत्रणा नागरी वापरासाठी खुली करण्याची घोषणा अमेरिकेने १९८३ मध्ये केली. तरीही नागरी संकेतात हेतुपुरस्सर मिसळलेल्या त्रुटीमुळे स्थान सुमारे १०० मीटरपर्यंत चुकत असे, त्यामुळे शेजारून जाणाऱ्या दोन रस्त्यांपैकी गाडी कोणत्या रस्त्यावर आहे, हे यंत्राला नेमके सांगता येत नसे. मे २००० मध्ये ती त्रुटी काढून टाकण्यात आली आणि पुढच्या काही वर्षांत गाडीच्या काचेला चिकटवायची छोटी यंत्रे घरोघरी पोहोचली.

परदेशप्रवासात उपग्रह कधी आडवे आले नाहीत. यंत्र संकेत फक्त ग्रहण करते, त्यामुळे सीमा ओलांडल्याने त्यात खंड पडत नाही. घोडे अडत होते ते नकाशापाशी, कारण त्या देशाचा नकाशा वेगळा विकत घेऊन यंत्रात भरावा लागे. २००९ नंतर फोनवर वळणागणिक सूचना मोफत मिळू लागल्या, २०१७ मध्ये युरोपीय संघांतर्गत रोमिंगचे जादा शुल्क रद्द झाले आणि तो प्रश्न तिथे जवळपास संपला. कायद्याचा प्रश्न मात्र याच काळात वाढत गेला.

त्याचे मूळ वेगमर्यादा तपासणाऱ्या कॅमेऱ्यांच्या पूर्वसूचनेत आहे. फ्रान्सने २०११ मध्ये अशा सूचनांवर बंदी आणण्याचे ठरवले, त्यावर वाहनचालकांनी आणि यंत्रनिर्मात्यांनी मोठा विरोध केला. अखेर जानेवारी २०१२ पासून १,५०० युरोपर्यंत दंड आणि वाहन परवान्यावरील ६ गुणांची कपात (सारे गुण संपले की परवाना जातो) अशी तरतूद लागू झाली. तडजोड म्हणून कॅमेऱ्याच्या नेमक्या जागेऐवजी ‘धोक्याचे क्षेत्र’ दाखवण्याची मुभा मिळाली. हे क्षेत्र महामार्गावर ४ किलोमीटर, गावाबाहेरील रस्त्यावर २ किलोमीटर आणि वस्तीत ३०० मीटर लांबीचे असते. त्या पट्ट्यात कॅमेरा असेलच असे नाही, आणि असला तरी कुठे आहे हे यंत्र सांगत नाही.

या वादात शब्दांचा घोळ फार झाला. रडारचे संकेत पकडणारे उपकरण, ते संकेत बिघडवणारे उपकरण आणि कॅमेऱ्यांच्या जागांची केवळ यादी बाळगणारा नकाशा, या तीन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या दोहोंवरील बंदी समजण्यासारखी आहे. परंतु स्थिर कॅमेऱ्यांच्या जागा फ्रेंच सरकार स्वतःच जाहीर करत असताना तीच यादी यंत्रात असणे दंडनीय ठरावे, हे पटण्यासारखे नाही. स्वित्झर्लंड याहूनही कडक आहे. तिथे कॅमेऱ्यांची सूचना देणारे उपकरण गाडीत सोबत ठेवणे हाही गुन्हा असून ते जप्त करून नष्ट केले जाते. जर्मनीत चालकाने ते वापरल्यास किंवा वापरण्यास सज्ज अवस्थेत बाळगल्यास ७५ युरो दंड आणि एक दंडगुण नोंदवला जातो. फोनमध्ये ही सोय अनेक सोयींपैकी एक असल्याने नियम त्याला लागू पडतो का, अशी शंका घेतली जात होती. २०२० च्या दुरुस्तीने ती मिटवली. फोनवर रस्ता पाहता येतो, कॅमेऱ्याची सूचना मात्र चालकाने वापरता कामा नये.

प्रवाशाच्या दृष्टीने हा सारा कायदा सेटिंग्जमधील एका खुणेवर येऊन ठेपतो. आपल्या देशात कायदेशीर असलेली ‘कॅमेरा सूचना’ची खूण यंत्र घेतल्या दिवसापासून चालूच असते, आणि सीमेवरील फलकावर वेगमर्यादा लिहिलेली असली तरी या खुणेबद्दल तिथे काही लिहिलेले नसते.